काष्ठफलकांवरील ख्रिस्तकथा

१

बायबल हा ग्रंथ आमच्याकडील सुशिक्षित वर्गास बहुधा छापील पुस्तकाच्या रूपानेंच परिचित आहे. मिशनरी शाळेंत शिकलेल्यांनीं तो लहानपणीं चाळलेला असतो. पुढें महाविद्यालयांत मिल्टन वाचतांना त्याची पुन्हां गांठ पडते. त्यामुळें युरोपांतील ख्रिस्ती माणसाचाहि या ग्रंथाशीं पूर्वापार असाच वाचकाचा संबंध असला पाहिजे, असा आमचा नकळत समज होऊन बसतो. वस्तुस्थिति निराळी आहे. ज्या हजार-बाराशें वर्षांत ख्रिस्ती धर्म युरोपाच्या खेड्यापाड्यांपर्यंत पोहोंचला, त्या काळांत तेथील बहुसंख्य लोकांनीं हा ग्रंथ कधीं हातीं धरलाच नव्हता. पश्चिम युरोपांत तो लॅटिन भाषेंत होता, हातानें चर्मपत्रावर लिहिलेला होता, आणि त्याची एक संपूर्ण प्रत म्हणजे एखाद्या मठाची मोठी मालमत्ता होती. सामान्य माणूस बायबल ऐकत असे आणि पाहत असे. तो ग्रंथ त्यास भिंतींवर दिसे, खिडक्यांच्या रंगीत कांचांवर दिसे, दगडी कमानींवर दिसे. आणि लाकडावरहि दिसे.

या शेवटच्या प्रकाराची ओळख आमच्या वाचकांस फारशी नाहीं. फ्लॉरेन्सचीं कांशाचीं दारें आणि शार्त्रच्या कांचा यांचीं वर्णनें प्रवासवृत्तांतून येतात. लाकडाचें नांव क्वचितच निघतें. याचें कारण उघड आहे. दगड फुटला तरी त्याचे तुकडे उरतात; लाकडाची राख होते. ओल, कीड, आग आणि माणसाची बदलती रुचि या चार शत्रूंच्या तावडींतून सुटून जे कोरीव काष्ठफलक आजपर्यंत टिकले, ते थोडे आहेत. परंतु जे टिकले ते इतके बोलके आहेत कीं, त्यांच्या साहाय्यानें ख्रिस्ती समाजाच्या मनाचा इतिहास बराचसा वाचतां येतो. तो वाचण्याचा अल्प प्रयत्न प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

या फलकांविषयीं एक मत फार जुनें आहे. इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेय शहराचा बिशप सेरेनस यानें आपल्या चर्चमधील प्रतिमा फोडून टाकल्या. लोक त्यांची पूजा करूं लागले आहेत, ही त्याची तक्रार होती. तेव्हां पहिला पोप ग्रेगरी यानें त्यास पत्रानें असें कळविलें कीं, पूजा थांबविणें योग्य होतें, परंतु प्रतिमा फोडणें योग्य नव्हतें. कारण वाचतां येणाऱ्यास जें पुस्तक, तेंच न वाचतां येणाऱ्यास चित्र होय. तेव्हांपासून ‘निरक्षरांची पोथी’ असें या सर्व कलाकृतींचें वर्णन करण्याचा प्रघात पडला. हें वर्णन खोटें नाहीं, पण अपुरें आहे असें आम्हांस वाटतें. पोथी उतरून घेणारा लेखनिक एक, आणि तिच्यावर टीका लिहिणारा पंडित दुसरा. गीता तीच, परंतु ज्ञानेश्वरांची टीका निराळी आणि वामन पंडितांची निराळी. हे फलक कोरणारे कारागीर लेखनिकांपेक्षां टीकाकारांच्या जातीचे होते. कोणता प्रसंग घ्यावा, कोणता गाळावा, मध्यभागीं कोणास उभें करावें, कोणाचें तोंड पाहणाऱ्याकडे वळवावें, हें ठरवितांना ते मूळ कथेचा अर्थ लावीत होते. आणि त्यांच्या हातीं हें सामर्थ्य होतें म्हणूनच पुढें एके काळीं त्यांच्या कृतींचें भय वाटूं लागलें.

२

रोम शहरांत आव्हेंटाइन टेकडीवर सांता साबिना नांवाचें चर्च आहे. गॉथ लोकांचा राजा आलारिक यानें इ. स. ४१० मध्यें रोम लुटलें. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, म्हणजे ४२२ ते ४३२ या काळांत, इलिरिया प्रांतांतून आलेल्या पीटर नांवाच्या धर्मोपदेशकानें हें चर्च बांधविलें. चर्चचें मुख्य दार सायप्रसच्या लाकडाचें असून तेंहि त्याच काळचें मानलें जातें. एक लाकडी दार जवळजवळ सोळाशें वर्षें आपल्या जागीं उभें आहे, हीच मुळीं आश्चर्याची गोष्ट होय. त्यावर मूळचे अठ्ठावीस फलक होते. त्यांपैकीं अठरा उरले आहेत. वेळोवेळीं झालेल्या दुरुस्त्यांत त्यांचा क्रम विस्कटला आहे. एकोणिसाव्या शतकांतील एका दुरुस्तीकारानें तर तांबड्या समुद्रांत बुडणाऱ्या फारो राजास नेपोलियनचा चेहरा देऊन टाकला, असें सांगतात!

या अठरांपैकीं डावीकडे अगदीं वरच्या कोपऱ्यांत एक लहानसा फलक आहे. तीन पुरुष समोर तोंड करून उभे आहेत. मधला मोठा व दाढीवाला, बाजूचे दोघे आकारानें लहान. तिघांचेहि हात कोंपरांत किंचित् वांकवून बाजूंस पसरलेले. पाठीमागें विटांची भिंत. प्रथमदर्शनीं हे तिघे प्रार्थना करीत आहेत असें वाटावें. कारण त्या काळीं ख्रिस्ती लोक प्रार्थनेस याच रीतीनें हात पसरून उभे राहत. तळहातांकडे नीट पाहिलें म्हणजे खिळे दिसतात, आणि हाताच्या टोंकांशीं लाकडाची किंचित् कड दिसते. मग ध्यानांत येतें कीं, हा येशूच्या क्रूसावरील मरणाचा प्रसंग आहे, आणि बाजूचे दोघे त्याच्याबरोबर क्रूसावर दिलेले चोर आहेत. या प्रसंगाचीं जीं अगदीं प्रारंभींचीं चित्रणें उपलब्ध आहेत त्यांत याची गणना होते. आणि सार्वजनिक जागीं, सर्वांच्या नजरेसमोर असलेलें याहून जुनें चित्रण आज ज्ञात नाहीं.

ज्या धर्माचें चिन्हच क्रूस, त्या धर्माच्या कलावंतांस आपल्या गुरूचें मरण दाखवावयास चारशें वर्षें कां लागावीं? आणि दाखविलें तेव्हांहि क्रूस असा लपवून, भिंतींत मिसळून कां दाखवावा? याचें उत्तर त्या शिक्षेच्या स्वरूपांत आहे. क्रूसावर देणें ही रोमन राज्यांत मुख्यतः गुलामांस आणि बंडखोरांस द्यावयाची शिक्षा होती. आमच्याकडे एखाद्या संप्रदायानें आपल्या मंदिराच्या दारावर सूळ कोरावा, तसेंच तें तत्कालीन माणसास वाटलें असतें. चवथ्या शतकांत कॉन्स्टंटाइन बादशहानें ही शिक्षा बंद केली असें मानतात. ज्यांनीं ती डोळ्यांनीं पाहिली होती ती पिढी संपली, तिच्यामागची पिढीहि संपली, तेव्हां कोठें कारागिराच्या हाताला तो आकार कोरण्याचें धैर्य झालें. आणि तेंहि अर्धेंच. सांता साबिनाच्या फलकावरील ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. तो लोंबकळत नाहीं, उभा आहे. मृत्यूची कथा सांगतांना कारागिरानें मृत्यु वगळला आहे. शुभवर्तमानांत असें कोठें लिहिलेलें नाहीं. हें त्या कारागिराचें, किंवा त्याच्या पिढीचें, भाष्य आहे.

याच दारावर दुसरेंहि एक भाष्य आहे. एका उभ्या फलकावर मोशेचे चमत्कार एकाखालीं एक कोरले आहेत: अरण्यांत भुकेल्या लोकांस अन्न मिळतें, खडकांतून पाणी निघतें. दुसऱ्या तशाच फलकावर येशूचे चमत्कार आहेत: पाण्याचा द्राक्षारस होतो, थोड्या भाकरींत हजारोंचें जेवण होतें, आंधळ्यास दृष्टि येते. दोन्ही फलक जोडीनें वाचावयाचे आहेत. जुन्या करारांत जें बीजरूपानें होतें तेंच नव्या करारांत फळास आलें, हा ख्रिस्ती पंडितांचा मोठा सिद्धान्त. तो सांगावयास त्यांस जाडे ग्रंथ लिहावे लागले. येथें तो दोन फळ्यांत सांगितला आहे, आणि चर्चची पायरी चढणाऱ्या प्रत्येकास तो आंत जाण्यापूर्वींच कळावा अशी योजना केली आहे.

३

पुढील पांच-सहा शतकांतील लाकडी कामाचे अवशेष फारच तुरळक आहेत. अकराव्या शतकापासून मात्र पुन्हां कांहीं मोठीं दारें आढळतात. जर्मनींत ऱ्हाइन नदीकांठच्या कोलोन शहरीं सेंट मारिया इम कापिटोल या चर्चचें अक्रोडी लाकडाचें दार आहे. तें १०६५ च्या सुमाराचें असून त्याच्या दोन झडपांवर मिळून सव्वीस फलक आहेत. एकीकडे येशूचें बाळपण, दुसरीकडे त्याचें कार्य, मरण आणि पुनरुत्थान. माणसें ठेंगणीं, डोकीं मोठीं, अंगविक्षेप ठसठशीत. एके काळीं हें सारें काम रंगविलेलें होतें. रंगाच्या खुणा अद्यापि सांपडतात. दुसऱ्या महायुद्धांत बॉम्बवर्षावानें या चर्चचा बहुतेक भाग ढासळला; दार मात्र वांचलें, आणि आतां तें चर्चच्या आंत जपून उभें केलें आहे.

एड्रियाटिक समुद्राच्या कांठीं स्प्लिट शहरीं आंद्रिया बुविना या कारागिरानें १२१४ मध्यें केलेलें दार याहून मोठें आहे. ओकच्या फळ्यांवर अक्रोडाचे अठ्ठावीस फलक बसवून त्यानें ख्रिस्ताचें सर्व चरित्र त्यावर मांडलें. येथें इतिहासानें एक विलक्षण योग घडवून आणला आहे. ज्या इमारतीस हें दार आहे, ती इमारत मुळांत रोमन बादशहा डायोक्लेशियन याची समाधि होती. इ. स. ३०३ पासून ख्रिस्ती लोकांचा जो सर्वांत भयंकर छळ झाला तो याच बादशहाच्या आज्ञेनें. पुढें त्याच्या समाधीचेंच चर्च झालें, आणि ज्यांस त्यानें निर्मूल करूं पाहिलें त्यांची कथा त्याच्या दारावर कोरली गेली. फ्रान्समधील ल पुई येथील बाराव्या शतकांतील दारांचीहि एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्यांवर ख्रिस्तकथा आहे, आणि तिच्या कडेनें अरबी अक्षरांचें अनुकरण करणारी वेलबुट्टी आहे. क्रूसयुद्धांच्या त्या काळांत शत्रूची लिपि शोभेसाठीं देवळाच्या दारावर घेतांना कारागिरास संकोच वाटला नाहीं. धर्मांच्या भांडणांत कारागीर हा बहुधा असाच दोन्ही तीरांवर पाय ठेवून उभा असतो.

४

परंतु काष्ठशिल्पाचा खरा बहर पाहावयाचा तर पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील दक्षिण जर्मनीकडे वळलें पाहिजे. तोंपर्यंत ही कला दारावरून आंत, वेदीपाशीं गेली होती. वेदीच्या मागें लाकडाचें एक उंच मखर उभारावयाचें. मधल्या कोनाड्यांत पूर्णाकृति मूर्ति, आणि दोन्ही बाजूंस बिजागऱ्यांवर उघडझांप करणाऱ्या झडपा. या झडपांवर बायबलांतील प्रसंग उठावानें कोरलेले असत. एरवीं झडपा मिटलेल्या असत आणि सणावारीं उघडत. आमच्या देव्हाऱ्याचीं दारें उघडतांना जो भाव मनांत येतो, तोच तेथील भाविकांच्या मनांत येत असला पाहिजे.

या कामास लिंडन नांवाच्या झाडाचें लाकूड वापरीत. ओकचें लाकूड टणक, पण त्यांतील कठीण शिरांमुळें हत्यार हवें तसें वळत नाहीं. लिंडनचें लाकूड मऊ आणि सर्वत्र एकसारखें. त्यावर वस्त्राच्या चुण्या, केसांच्या बटा, बोटांचीं पेरें धारदार छिन्नीनें हवीं तितकीं बारीक उतरवितां येतात. मात्र सुकतांना तें आंतून-बाहेरून सारखें आकसत नाहीं आणि तडकतें. म्हणून मूर्तीची पाठ पोखरून ओंडक्याचा गाभाच काढून टाकीत. समोरून भरीव दिसणारा संत पाठीमागून पन्हळासारखा पोकळ असतो! उठावाच्या फलकांस ही अडचण कमी; कारण ते अनेक फळ्या सांधून केलेले असत.

या कारागिरांत टिल्मन रीमेनश्नायडर याचें नांव अग्रगण्य आहे. त्याचा जन्म १४६० च्या सुमाराचा. १४८५ मध्यें तो वुर्झबुर्ग शहरांत उस्ताद म्हणून स्थायिक झाला. रोथेनबुर्ग गांवच्या सेंट जेम्सच्या चर्चमध्यें येशूच्या रक्ताचा थेंब म्हणून पूजिला जाणारा एक अवशेष होता. त्यासाठीं मखर करण्याचें काम गांवकऱ्यांनीं दोघांस दिलें. चौकट, कमानी आणि शिखर करणारा एर्हार्ट हार्श्नर यास पन्नास गिल्डर, आणि मूर्ति व फलक कोरणाऱ्या रीमेनश्नायडरास साठ. आज त्या साठ गिल्डरांच्या कामासाठीं जगभरचे लोक त्या गांवीं जातात. त्या काळच्या हिशेबांत सुतार आणि शिल्पकार यांच्यांत अवघा दहा गिल्डरांचा फरक होता. हें काम १५०५ पर्यंत पुरें झालें.

डाव्या झडपेवर येशू गाढवावर बसून यरुशलेमांत प्रवेश करीत आहे. उजवीवर गेथशेमाने बागेंत रात्रीं प्रार्थना करीत असून शिष्य झोंपले आहेत. मध्यभागीं शेवटचें भोजन आहे. या भोजनाचीं चित्रें युरोपांत शेंकड्यांनीं आहेत. लिओनार्दोनें मिलान येथें त्याच सुमारास काढलेलें चित्र तर घरोघर ठाऊक आहे. त्यांत येशू मध्यें आहे, आणि घात करणारा यहूदा इतर शिष्यांत मिसळून बसला आहे. रीमेनश्नायडरनें काय केलें? त्यानें यहूदास मधोमध उभें केलें. त्याच्या हातीं पैशांची पिशवी आहे, आणि त्याची पावलें जणूं निघण्याच्या बेतांत आहेत. येशू थोडा बाजूस आहे व त्याच्याकडे भाकरीचा तुकडा पुढें करीत आहे. योहानाच्या शुभवर्तमानांत हा प्रसंग आहे खरा: मी घांस बुडवून ज्यास देईन तोच तो, असें येशू सांगतो. परंतु मखराच्या मधल्या जागीं, जेथें देवानें असावयाचें तेथें, पाप्यास उभें करण्याची आज्ञा ग्रंथांत नाहीं.

याचा अर्थ आम्ही असा करतों. त्या मखराशीं येणारे यात्रेकरू पापक्षालनासाठीं येत. प्रत्येकाच्या मनांत आपण किती पतित आहों याचा हिशेब असे. त्यास मखरांत प्रथम दिसे तो संतांतील कोणी नव्हे, तर त्याच्याचसारखा एक दुबळा मनुष्य. आणि त्या मनुष्यापुढेंहि घांस केलेला हात. धिक्कारासाठीं यहूदास एका टोंकास बसविणें सोपें होतें. मध्यें उभें करून पाहणाऱ्यास स्वतःची ओळख पटविणें, हें टीकाकाराचें काम होतें.

आणखी एक गोष्ट. या मखरास रंग नाहीं. तोंवर लाकडी मूर्तीस रंग आणि सोन्याचा मुलामा देणें हें जवळजवळ अनिवार्य मानीत. रीमेनश्नायडरनें अनेक कामांत केवळ तपकिरी झिलई दिली आणि डोळे व ओंठ तेवढे रंगानें उठविले. रोथेनबुर्गच्या मखराच्या पाठीस लहान खिडक्या आहेत. त्यांतून येणारा उजेड दिवसभर हलतो आणि चेहऱ्यांवरील छाया पालटत जाते. सोन्याची झळाळी गेली, पण तिच्या जागीं मनाचा व्यापार दिसूं लागला. हा बदल खर्च वांचावा म्हणून झाला, कीं थाटमाटाच्या देवपूजेविषयीं लोकांच्या मनांत आलेल्या विटाळामुळें झाला, यावर तज्ज्ञांत वाद आहे. दुसरें कारण असेल तर तो पुढें येणाऱ्या वादळाचा पहिला वारा म्हटला पाहिजे.

५

तें वादळ लवकरच आलें. १५१७ मध्यें लूथरनें धर्मसुधारणेस आरंभ केला. १५२२ च्या प्रारंभीं विटेनबर्ग येथें त्याचा सहकारी कार्लश्टाट यानें प्रतिमा काढून टाकाव्या असें प्रतिपादणारी पुस्तिका प्रसिद्ध केली, आणि लोकांनीं चर्चमधील मूर्ति फोडावयास सुरुवात केली. ही वार्ता ऐकून लूथर अज्ञातवासांतून परत आला आणि सतत आठ दिवस प्रवचनें देऊन त्यानें लोकांस आवरलें. त्याचें म्हणणें असें कीं, मूर्ति हृदयांतून गेली पाहिजे. ती हृदयांत असतां हातानें फोडून कांहीं साधत नाहीं, आणि हृदयांतून गेल्यावर ती भिंतीवर राहिली तरी बिघडत नाहीं. सर्वांनीं हें ऐकलें नाहीं. १५२४ मध्यें झूरिकच्या नगरसभेनें सर्व प्रतिमा काढून टाकण्याचा हुकूम दिला. १५२९ मध्यें बाझेल येथें मूर्तींच्या होळ्या पेटल्या, आणि एरॅस्मससारखा शांतताप्रिय पंडित तें शहर सोडून गेला.

आमच्या समाजांत गेल्या दोन शतकांत मूर्तिपूजेवर जो वाद झाला त्यास अनुलक्षून वाचकांनीं हा प्रसंग पाहावा. मूर्ति फोडणारे सर्व दुष्ट किंवा अडाणी होते असें मानणें सोपें आहे, पण अन्यायाचें आहे. त्यांतील पुष्कळांचा राग प्रामाणिक होता. गरिबाच्या घरीं भाकरी नाहीं आणि चर्चमधील लाकडास सोन्याचा मुलामा, हें त्यांस सहन होत नव्हतें. शिवाय प्रतिमा ही केवळ ‘निरक्षरांची पोथी’ असती, तर साक्षरता आल्यावर ती आपोआप अडगळींत पडली असती. ती जाळण्याचें कारण नव्हतें. ती माणसाच्या मनावर शब्दाइतकीच, किंबहुना शब्दाहून अधिक, सत्ता चालविते हें त्या जाळणारांनीं ओळखलें होतें. कलेच्या सामर्थ्याची याहून मोठी कबुली कोणत्या रसिकानें दिली असेल?

रीमेनश्नायडर या वादळांत सांपडला. मात्र मूर्तींमुळें नव्हे. तो वुर्झबुर्गच्या नगरसभेचा सभासद होता व १५२० मध्यें तेथील नगराध्यक्षहि झाला होता. १५२५ मध्यें जर्मनींतील शेतकऱ्यांनीं जमीनदारांविरुद्ध उठाव केला. वुर्झबुर्गच्या नगरसभेनें बिशपाच्या बाजूनें त्यांच्यावर शस्त्र उचलण्याचें नाकारलें. उठाव चिरडला गेला. साठीच्या घरांतील या शिल्पकारास किल्ल्यांत कैद करून त्याचा छळ करण्यांत आला आणि त्याच्या मालमत्तेचा भाग जप्त झाला. त्याचे हात मोडले अशी कथा प्रचलित आहे. तिला कागदोपत्रीं आधार नाहीं. परंतु सुटकेनंतर त्याच्या हातून नांव घेण्यासारखें नवें काम झालें नाहीं हें खरें. १५३१ मध्यें तो वारला. पुढें तीनशें वर्षें त्याचें नांव जवळजवळ कोणाच्याहि स्मरणांत नव्हतें. १८२२ मध्यें त्याचा थडग्याचा दगड सांपडला, तेव्हां लोक पुन्हां चौकशी करूं लागले.

आणि त्याचीं मखरें? रोथेनबुर्ग १५४४ मध्यें लूथरपंथी झालें. रक्ताच्या थेंबाची यात्रा थांबली. पण मखर कोणी फोडलें नाहीं. जवळच क्रेग्लिंगेन येथें त्याचेंच दुसरें मखर आहे. त्याच्या झडपांवर मरीयेस देवदूतानें दिलेला निरोप आणि ख्रिस्तजन्म हे प्रसंग आहेत. नव्या पंथाच्या लोकांनीं तें बंद करून टाकलें, आणि १८३२ मध्यें तें पुन्हां उघडण्यांत आलें. पूजा सोडली, पण मोडतोड केली नाहीं. तीनशें वर्षें अंधारांत राहिल्यामुळेंच त्याची नवलाई आज टिकून आहे.

६

उत्तर युरोपांत अशा होळ्या पेटल्या असतां दक्षिणेंतील पोर्तुगीज जहाजें प्रतिमा घेऊन आमच्या किनाऱ्यास लागत होतीं. गोवें १५१० मध्यें पोर्तुगीजांच्या हातीं गेलें. तेथें अनेक देवळें पाडण्यांत आलीं. मूर्तिभंजनाचें दुःख आमच्या लोकांसहि त्याच शतकांत भोगावें लागलें हें येथें विसरतां येणार नाहीं. तिकडे ट्रेंट येथील धर्मसभेनें १५६३ मध्यें प्रतिमांचें समर्थन केलें, आणि इकडे नव्या चर्चांसाठीं वेदी, मखरें आणि व्यासपीठें यांची मागणी वाढली. तीं घडविणार कोण? लाकडावर हात बसलेले कारागीर येथलेच होते, आणि त्यांतील पुष्कळ हिंदु होते. १५६७ च्या गोव्याच्या धर्मसभेनें ख्रिस्ती प्रतिमांचें काम ख्रिस्तीतरांकडून करवूं नये असा निर्बंध घातला, यावरूनच तसें काम सर्रास करविलें जात होतें हें सिद्ध होतें.

जुन्या गोव्यांतील बॉम जेझू चर्चचें लाकडी व्यासपीठ या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. त्याच्या बाजूंवर येशू, चारी शुभवर्तमानकार आणि धर्माचे चार आचार्य कोरले आहेत. याच काळांत फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें मराठी ओवींत क्रिस्तपुराण रचलें आणि तें १६१६ मध्यें राशोल येथें छापलें. एकानें परदेशी कथा येथील ओवींत घातली, दुसऱ्यांनीं ती येथील सुताराच्या छिन्नीखालीं आणली. क्रिस्तपुराणाचा मान मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत आम्ही करतों. त्याच्या या लाकडी भावंडांकडे मात्र आमचें लक्ष क्वचितच जातें. कोंकणच्या ज्या हातांनीं तीं घडविलीं त्यांचीं नांवें बहुतेक हरवलीं आहेत.

७

आज या काष्ठफलकांस होळीचें भय उरलें नाहीं. त्यांना भय आहे तें निराळ्याच प्रकारचें. मुन्नरश्टाट गांवीं रीमेनश्नायडरनें १४९२ मध्यें एक मखर पुरें केलें होतें. पुढें रुचि पालटली व तें मोडण्यांत आलें. पुनरुत्थित येशू मग्दालीया मरीयेस भेटतो तो फलक आज बर्लिनच्या संग्रहालयांत आहे. शिमोनाच्या घरच्या भोजनाचा फलक म्युनिकमध्यें आहे. आणि मूळ गांवीं कांहीं मूर्तींच्या जागीं प्रतिकृति उभ्या आहेत. एकाच स्त्रीची कथा दोन शहरांत वांटली गेली. संग्रहालयांत तरी फलकाची नोंद असते. परंतु ज्या असंख्य लहान चर्चांचीं मखरें मोडून त्यांचे फलक बाजारांत गेले, त्यांचें मूळ गांव, मूळ जोडीदार, वरचा-खालचा प्रसंग यांतलें कांहींच आतां सांगतां येत नाहीं. दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेला सुटा फलक सुंदर दिसतो. पण मोशेच्या चमत्कारांशेजारीं येशूचे चमत्कार नसले, तर सांता साबिनाच्या कारागिराचें भाष्य आम्हांस कसें समजलें असतें? सुटा फलक म्हणजे पोथीचें सुटें पान होय. त्यावरील अक्षर वळणदार असेल, पण कथा गेलेली असते.

याच्या उलट उदाहरण पोलंडमधील क्राको शहराचें आहे. तेथील सेंट मेरीच्या चर्चमध्यें फाइट श्टोस यानें १४७७ ते १४८९ अशीं बारा वर्षें खपून केलेलें प्रचंड मखर आहे; त्याच्या झडपांवर मरीया व येशू यांच्या चरित्रांतील प्रसंग आहेत. १९३९ मध्यें युद्ध जवळ आलेलें पाहून पोलिश लोकांनीं तें सुटें केलें आणि नदीमार्गानें दूर नेऊन लपविलें. नाझींनीं तें शोधून काढून जर्मनींत नेलें. युद्ध संपल्यावर न्यूरेंबर्गच्या किल्ल्याखालीं तें सांपडलें, १९४६ मध्यें परत आलें आणि दीर्घ दुरुस्तीनंतर १९५७ मध्यें आपल्या जागीं पुन्हां उभें राहिलें. त्याचे शेंकडों तुकडे झाले होते. पण कोणता तुकडा कोठला हें ठाऊक असलेली माणसें होतीं, म्हणून तें पुन्हां एक झालें.

हा विषय केवळ युरोपाचा नव्हे. आमच्याकडे जुने वाडे पडतात, देवळांचे लाकडी सभामंडप काढून सिमेंटचे बांधले जातात. कोरीव तुळया, महिरपी, गणेशपट्ट्या वजनावर विकल्या जातात आणि एखाद्या उपाहारगृहाच्या शोभेस लागतात. जें मानीत नाहीं तें जाळावें, असें बाझेलच्या लोकांस वाटलें. जें मानीत नाहीं तें विकावें, असें आम्हांस वाटतें. क्रेग्लिंगेनच्या खेडुतांनीं तिसरा मार्ग दाखविला: श्रद्धा पालटली तरी वस्तु जागची हलवूं नये, ती समजणारा कोणी पुढें येईपर्यंत झांकून ठेवावी. तेवढें तरी आमच्या हातून व्हावें. आणि जेथें लाकूड काढणें अटळच असेल, तेथें कोणता फलक कोठें होता, त्याच्या वर काय आणि खालीं काय होतें, एवढी नोंद एका कागदावर करून ठेवण्यास पैसाहि लागत नाहीं आणि श्रद्धाहि लागत नाहीं.